इन्व्हर्टरची बॅटरी फुल वाटते पण २० मिनिटांत बसते? चार्जिंग चालू असताना एकेक सेल तपासा

आमचं दूध संकलन केंद्र आहे, राधानगरीच्या बाजूला. सकाळी साडेपाचला काटा चालू करावा लागतो आणि पावसाळ्यात लाईट जायची वेळ पण बरोबर तीच. काटा, फॅट मशीन, कॉम्प्युटर, पावतीचा प्रिंटर आणि दोन एलईडी बल्ब एवढंच इन्व्हर्टरवर आहे, सगळं मिळून दीडशे वॅटच्या आसपास. बॅटरी १५० एएचची (अँपिअर-अवर, साठ्याचं माप) ट्यूबलर (नळीसारख्या प्लेटांची), नवी असताना आठ तास आरामात खेचायची, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन्ही पाळ्या निघायच्या. आता चार वर्षं झाली.

जूनमध्ये पहिल्यांदा त्रास झाला. रात्रभर चार्जिंग झालेलं, सकाळी लाईट गेली आणि २० मिनिटांत इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि बंद. दारात तीस-चाळीस माणसं किटल्या घेऊन उभी, दूध तर थांबत नाही. इन्व्हर्टर दुरुस्तीवाल्याने सांगितलं की चार्जिंगचं कार्ड कमजोर आहे कारण ते चार्जिंग मोडमधून बाहेरच येत नाही, म्हणून कार्ड बदललं. महिनाभर बरं वाटलं, कारण त्या महिन्यात लाईट जास्त गेलीच नाही. गणपतीत परत तेच. मग बॅटरी दुकानात नेऊन दोन दिवस चार्जिंगला ठेवली, आणताना मीटर लावून दाखवलं १२.९, म्हणाले एकदम ओके आहे. दिवाळीच्या आत तिसऱ्यांदा तेच. तेव्हा ठरवलं की आता अंदाजाने खर्च करायचा नाही, प्रत्येक सेल मापायचा, आणि तो पण चार्जिंग चालू असताना. हे सगळं सविस्तर लिहितोय कारण हाच त्रास असणारे भरपूर आहेत, आणि बहुतेक जण आधी इन्व्हर्टरवर पैसे घालवतात.

गावातले एक बॅटरीवाले मामा आहेत, पूर्वी ट्रॅक्टर आणि ट्रकच्या बॅटऱ्या बांधायचे. त्यांना फोन केला तर पहिलंच वाक्य, "निवांत बसलेली बॅटरी कशाला मापतोस, कामाला लावून बघ की." मला खरा रस्ता त्या वाक्याने दाखवला.

आधी हे कळलं पाहिजे की फुल दिसणारी बॅटरी २० मिनिटांत का बसते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, एकामागे एक साखळीसारखे जोडलेले. प्रत्येक सेल चार्ज झाल्यावर साधारण २.१ व्होल्टचा. आता समजा पाच चांगले आणि एक मेलेला. लोड टाकला की पाच सेल दोन-दोन व्होल्ट धरून ठेवतात, पण सहाव्यात साठाच नसतो म्हणून तो थोड्याच वेळात शून्यावर येतो. पाच दुणे दहा. इन्व्हर्टर साधारण साडेदहाला कट होतो. म्हणजे पाच सेलमध्ये पाच-सहा तासांचा माल शिल्लक असताना इन्व्हर्टर बॅटरी संपली म्हणून बंद पडतो. आणि दुकानात १२.९ दिसले ते चार्जरवरून नुकतीच काढली होती म्हणून. चार्जिंगनंतर काही तास व्होल्टेज असं फुगलेलंच असतं, त्यावरून सेलबद्दल काहीही कळत नाही.

आता माझी एक चूक सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. पाणी टाकताना मला दिसत होतं की पाच सेलमधलं पाणी महिन्याला उतरतंय आणि प्लसकडून चौथ्या सेलचं जवळजवळ जसंच्या तसं आहे. मला वाटायचं तो सेल चांगला, पाणी खात नाही. खरं तर उलटं होतं. बाकीचे पाच जास्त चार्ज होऊन उकळत होते (म्हणजे गॅसचे बुडबुडे सोडत होते) म्हणून त्यांचं पाणी जात होतं आणि चौथा उकळतच नव्हता. एकाच बॅटरीत एखाद्या सेलचं पाणी बाकीच्यांपेक्षा फारच कमी किंवा फारच जास्त उतरत असेल तर तिथेच संशय घ्या.

मापायला लागते ती सामग्री थोडी आहे. हायड्रोमीटर (रबरी फुगा आणि आत काचेचा फ्लोट असलेला, बॅटरीच्या दुकानात मिळतो), डिजिटल मल्टिमीटर, काचेचा थर्मामीटर, डिस्टिल्ड वॉटर, वही. डोळ्याला चष्मा आणि हातात रबरी मोजे घाला, हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा, पान्याचं एक टोक प्लसला आणि दुसरं मायनसला लागलं तर मोठी ठिणगी उडते. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो, म्हणून खिडक्या उघड्या, जवळ उदबत्ती नाही, बिडी नाही, आणि आत बघायला काडी किंवा लायटर तर अजिबात नाही, मोबाईलचा टॉर्च लांबून मारा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून बादलीत ठेवा, ॲसिड फरशीवर सांडलं तर त्यावर ओतायला. अंगावर किंवा डोळ्यात गेलं तर मात्र सोडा नाही, नुसतं भरपूर पाणी आणि लगेच डॉक्टर. लहान पोरांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

हायड्रोमीटर आम्हा दूधवाल्यांना नवीन नाही, लॅक्टोमीटरचाच भाऊ आहे तो. लॅक्टोमीटर २८ दाखवतो म्हणजे दुधाची घनता १.०२८, तसंच इथे हायड्रोमीटर १२४० दाखवतो म्हणजे ॲसिडची ग्रॅव्हिटी १.२४०. दुधात पाणी घातलं की डिग्री पडते. बॅटरी उतरली की ॲसिडमधला गंधकाचा भाग प्लेटांत जातो आणि मागे पाणी जास्त उरतं म्हणून ग्रॅव्हिटी पडते, चार्ज होताना तो परत बाहेर येतो आणि ग्रॅव्हिटी चढते. (लॅक्टोमीटर ॲसिडमध्ये घालू नका, त्याची पट्टी तेवढी जातच नाही आणि परत तो दुधात घालायच्या लायकीचा राहत नाही.) आमच्या ट्यूबलरवर २७ डिग्रीला १.२४० छापलेलं आहे, गाडीच्या बॅटरीत ती १.२७० च्या आसपास असते, म्हणून तुमच्या बॅटरीवर काय लिहिलंय ते आधी बघा आणि त्याच्याशीच तुलना करा. दुधाला जसं तापमान बघून डिग्रीत फरक धरतो तसाच इथे पण धरायचा, २७ च्या वर दर १० डिग्रीला ०.००७ मिळवायचे आणि खाली असेल तर वजा करायचे. म्हणजे ४२ डिग्रीच्या ॲसिडमध्ये १.२३० दिसले तर खरे साधारण १.२४० आहेत.

रीडिंग घेताना फुगा हळू सोडा, फ्लोट मोकळा तरंगला पाहिजे, काचेला चिकटलेला नको, नळी उभी आणि डोळ्याच्या रेषेत. बघून झालं की ॲसिड ज्या सेलमधून काढलं त्याच सेलमध्ये परत. एका सेलचं दुसऱ्यात गेलं की पुढची सगळी मापं खोटी. पाणी कमी असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटर टाका पण लगेच मापू नका, वरचं पाणी वरच राहतं आणि ग्रॅव्हिटी उगाच कमी दिसते, निदान तासभर चांगलं चार्जिंग होऊ द्या. फुल भरायचं नाही, प्लेटा बुडून थोडं वर एवढंच, उरलेलं चार्जिंग संपल्यावर, कारण उकळताना पातळी वाढते आणि बुचातून ॲसिड बाहेर येतं.

आता मुख्य काम. बॅटरी आधी लोडवर थोडी उतरवून घेतली, एका रविवारी सकाळची पाळी झाल्यावर चार्जिंगला लावली. प्लसकडून १ ते ६ असे नंबर खडूने झाकणावर लिहिले. करंट १५ अँपिअर, म्हणजे १५० एएचचा दहावा भाग.

सुरुवातीला ग्रॅव्हिटी अशी होती: ११७०, ११७५, ११७०, १११०, ११७५, ११७०. चौथा इथेच वेगळा पडला, पण एवढ्यावर निकाल द्यायचा नाही, नुसता मागे पडलेला सेल पण असा दिसतो. पुढे तो चढतो का नाही ते बघायचं.

पहिले दोन-तीन तास ग्रॅव्हिटी फारशी हललीच नाही, कुठल्याच सेलची. इथे बरेच जण घाबरतात. ट्यूबलर बॅटरी उंच असते, प्लेटांतून निघालेलं जड ॲसिड खाली बसतं आणि हायड्रोमीटरमध्ये आपण वरचं घेतो. बुडबुडे सुरू झाले की ते ढवळलं जातं आणि मग वरची मापं एकदम पळायला लागतात. म्हणून दर तासाला लिहीत राहायचं आणि धीर धरायचा.

पाचव्या-सहाव्या तासाला मजा कळली. सगळी बुचं काढून ठेवली होती (उघड्या भोकांवर स्वच्छ ओला कपडा टाकला, कचरा आत जाऊ नये म्हणून). पाच सेलमध्ये बारीक बुडबुडे सुरू झाले, भात शिजताना कडेने येतात तसे, आणि हळूहळू वरचं पाणी दुधाळ दिसायला लागलं. चौथ्यात काही नाही. काळंशार, शांत, आरशासारखं. कान लावला तरी बाकीच्यांतून सळसळ येतेय आणि तिथे आवाजच नाही. चांगला सेल साधारण २.३५ ते २.४ व्होल्टला उकळायला लागतो, म्हणजे चौथा तिथपर्यंत पोचतच नव्हता. दिलेला करंट आतच कुठेतरी गळत होता.

उकळत असताना हायड्रोमीटर लावला तर फ्लोटला बुडबुडे चिकटतात आणि माप चुकतं, म्हणून तेवढ्यापुरतं चार्जिंग दहा-पंधरा मिनिटं बंद करून मग घेतलं. रात्री नऊला: १२४०, १२३५, १२४०, ११४०, १२३५, १२४०. दहाला तेच, अकराला तेच. लागोपाठ तीन तास ग्रॅव्हिटी आणि व्होल्टेज दोन्ही हललं नाही म्हणजे बॅटरी जेवढी भरायची तेवढी भरली, यापुढे फक्त पाणी जळणार. सेलासेलांत २०-२५ पॉइंटचा (१२४० आणि १२३५ मध्ये ५ पॉइंट, असं) फरक चालतो, ५० च्या वर गेला की सेलमध्ये दोष आहे असं धरायचं, इथे तर १०० होता. टर्मिनलवर चार्जिंग चालू असतानाचं व्होल्टेज १४.२ वर अडकलेलं. आमच्या इन्व्हर्टरला १४.४ झाल्याशिवाय चार्जिंग पूर्ण झाल्याचं कळत नाही, त्यामुळे तो बिचारा रात्रंदिवस जोरात चार्ज करत राहायचा आणि चांगल्या पाच सेलना भाजत राहायचा. जूनमध्ये कार्ड बदललं ते यामुळेच, कार्डात काही बिघाड नव्हताच.

आता एकेका सेलचं व्होल्टेज. जुन्या काळ्या डब्याच्या बॅटऱ्यांत सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर उघड्या असायच्या, मीटरची टोकं टेकवली की झालं. आताच्या बॅटरीत जोड आतून भिंतीतून जातात. मामांची युक्ती अशी की शिशाच्या दोन सारख्या बारीक पट्ट्या कापायच्या, मीटरच्या पिनांना घट्ट बांधायच्या आणि शेजारच्या दोन सेलच्या ॲसिडमध्ये एकेक बुडवायची. वरच्या ॲसिडातच ठेवायची, खाली प्लेटांपर्यंत दाबायची नाही, आणि मीटर व्होल्टवरच आहे ना ते दोनदा बघा. तांब्याच्या पिना थेट बुडवू नका, तांबं ॲसिडमध्ये उतरतं आणि बॅटरीला ते विषच.

माझी मापं: १ आणि २ मध्ये २.४२, २ आणि ३ मध्ये २.४१, ३ आणि ४ मध्ये २.२९, ४ आणि ५ मध्ये २.२२, ५ आणि ६ मध्ये २.४२. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, मी पण आधी गोंधळलो होतो. या मापात एका सेलची एक बाजू आणि शेजारच्याची दुसरी बाजू येते, पूर्ण एक सेल येत नाही. म्हणून खराब सेल लागोपाठच्या दोन मापांत दिसतो. ३-४ आणि ४-५ दोन्ही कमी, दोन्हीत समान काय, तर ४. टोकाच्या सेलसाठी टर्मिनलपासून पहिल्या ॲसिडपर्यंत माप घेता येतं पण ते अर्धंच असतं, त्याची बाकीच्यांशी तुलना करू नका.

तुमच्याकडे चित्र वेगळं असू शकतं, म्हणून वेगवेगळे आजार कसे ओळखायचे ते पण सांगतो. माझ्यासारखं असेल, म्हणजे व्होल्टेज चढत नाही, बुडबुडे नाहीत, ग्रॅव्हिटी खालीच, तर सेल आतून शॉर्ट आहे, प्लेटांचा गाळ तळाला साठून किंवा सेपरेटर (दोन प्लेटांमधला पडदा) फाटून. सल्फेट झालेला (प्लेटांत गेलेला गंधकाचा भाग तिथेच कडक होऊन बसलेला) सेल याच्या बरोबर उलट वागतो, चार्जिंग लावल्या लावल्या त्याचं व्होल्टेज पळत सुटतं, बाकीच्यांच्या कितीतरी आधी तो उकळायला लागतो आणि ग्रॅव्हिटी मात्र जागची हलत नाही. अशा बॅटरीत इन्व्हर्टर अर्ध्या तासात फुल दाखवतो. बॅटरी महिनोन्‌महिने उतरलेली पडून राहिली किंवा प्लेटा पाण्याबाहेर राहिल्या की हे होतं, सुट्टीत बंद ठेवलेल्या घरांत जास्त. आणि तिसरा प्रकार, व्होल्टेज बाकीच्यांसारखंच चढतं, उकळतो पण वेळेवर, फक्त ग्रॅव्हिटी ३०-४० पॉइंट कमी राहते, तर त्या सेलमधलं ॲसिड कधीतरी सांडलंय आणि त्याजागी आपण पाणी टाकत आलोय. तो सेल आजारी नाही. फक्त या एकाच प्रकारात ॲसिड घालून ग्रॅव्हिटी सारखी करता येते, ती पण पूर्ण चार्ज झाल्यावर आणि जाणत्या माणसाकडून.

सल्फेट असेल तर वाचायची आशा असते. करंट कमी करायचा, १५० एएचला ५ अँपिअरच्या आसपास, आणि एक-दोन दिवस सोडायची, मधूनमधून पाणी आणि तापमान बघत. ॲसिड ५० डिग्रीच्या जवळ गेलं तर थांबा, गार होऊ द्या. ग्रॅव्हिटी दर काही तासांनी पाच-दहा पॉइंट चढत असेल तर चालू ठेवा.

मी पण एक संधी दिली, ५ अँपिअरवर चोवीस तास. चौथा ११४० चा ११४५ झाला, बस. मग शेवटची खात्री म्हणून बॅटरी सोडवून (आधी मायनस काढायची, जोडताना आधी प्लस) एक दिवस काहीही न जोडता ठेवली. दुसऱ्या दिवशी पाच सेल जागेवर आणि चौथा ११२०. लोड नाही, काही नाही, तरी सेल आपोआप उतरला म्हणजे आतलाच शॉर्ट. यानंतर माझ्या मनात शंका राहिली नाही.

एका ओळखीच्याने सुचवलं होतं की चौथ्यात थोडं ॲसिड टाक, ग्रॅव्हिटी बरोबर येईल. येईल ना, आकडा येईल, पण सेलमध्ये साठा येणार नाही आणि कडक ॲसिडाने उरल्यासुरल्या प्लेटा पण जातील. आरओचं पाणी पण टाकू नका, चवीला गोड लागतं म्हणून ते डिस्टिल्ड होत नाही, त्यात क्षार असतातच. आणि खराब सेलला भोक पाडून बाहेरून जोड मारून बॅटरी दहा व्होल्टवर चालवायचे प्रकार मी ऐकलेत, ते घरात करायचं काम नाही.

ज्यांच्याकडे २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या आहेत त्यांनी चार्जिंग चालू असताना आधी दोन्हींचं व्होल्टेज वेगवेगळं मापा. एक १३.५ आणि दुसरी १५ अशी तफावत असेल तर कमीवालीत शॉर्ट सेल शोधा, जास्तवाली तिच्यामुळे भाजली जातेय. पण जास्तवालीत सल्फेट सेल असला तरी असंच दिसतं, म्हणून हायड्रोमीटर दोन्हींना लावा. बंद, सीलबंद बॅटरीत यातलं हायड्रोमीटरचं काहीच करता येत नाही, ती फोडायचा प्रयत्न पण करू नका.

बॅटरी शेवटी बदलली. दुकानात वहीची पानं दाखवली तेव्हा वाद झालाच नाही, त्यांनी स्वतः हायड्रोमीटर घालून चौथा बघितला आणि जुनीची किंमत वजा करून नवी दिली. जुनी भंगारवाल्याला ॲसिड ओतून देऊ नका, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत रिसायकलरकडेच गेली पाहिजे, आणि ते ॲसिड ओढ्याला गेलं तर जनावरं तेच पाणी पितात हो.

नवी आल्यावर पहिलं चार्जिंग पूर्ण होऊ दिलं आणि सहाही सेलची ग्रॅव्हिटी तारखेसकट कागदावर लिहून काट्याच्या मागच्या भिंतीवर चिकटवली: १२४०, १२४०, १२३५, १२४०, १२४०, १२३५. दर महिन्याच्या १ तारखेला दुधाचा हिशोब बंद झाला की त्याखाली नवीन ओळ लिहितो, पाणी कुठल्या सेलला किती लागलं ते पण शेजारी.